नळ सोडून बघा की

राजारामपुरीतल्या एका पाचमजली व्यापारी इमारतीची देखभाल नीट होते का, ते तपासायला मी दर वर्षी जातो. तिथल्या वायरमनचं नाव मी कधी विचारलं नाही. तोही मला पावणंच म्हणतो. त्याला नुसतं सांगून काही पटत नाही. चहा गरम आहे म्हटलं तरी आधी ग्लासाला बोट लावणार. लिफ्टचा अलार्म चालतो का विचारलं, तर उत्तर न देता लिफ्टमध्ये शिरतो आणि दुकानदार बाहेर येईपर्यंत बटण दाबून धरतो.

यंदा मॅनेजरनं रजिस्टर पुढं केलं. आग विझवायच्या नळासमोर बाराही महिने बरोबरच्या खुणा, सगळ्या एकाच शाईत. मी सहीसाठी पेन काढलं.

"त्या खुणा माझ्या न्हाईत," वायरमन दारातनं म्हणाला. "मी फुल्या मारल्या हुत्या. ही वहीच नवी हाय."

"गप ऱ्हा," मॅनेजर खेकसला. "नोकरी करायची हाय न्हवं?"

"करायची हाय की! म्हणून तर बोलतोय. पावणं, कागद काय बघतायसा? नळ सोडून बघा की."

जिन्यातला नळ मी दोन्ही हातांनी फिरवला. हवा फुसफुसली, मग एक झुरळ पडलं. पाणी नाहीच. मागची तीन वर्षं हाच नळ मी खुर्चीतनं न उठता पास केला होता.

वायरमननं माझं पेन घेतलं, स्वतःच्या तळहातावर रेघ ओढून बघितली आणि परत माझ्या हातात दिलं.

"चालतंय," म्हणाला. "लिवा आता."