राजवाडा नावाचा कॉम्प्युटर

“राजवाडा झोपला काय गं? उठव की त्याला,” सर ओरडले आणि अख्खा क्लास हसला.

सांगलीतल्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. फोनची लाइन एक, मोडेम एक. तो माझ्या कॉम्प्युटरला जोडलेला, आणि बाकीचे तीन वायरीने माझ्या कॉम्प्युटरला. माझा चालू असेल तरच त्यांना इंटरनेट. लाइन सारखी तुटायची. तुटली की ही हाक ठरलेली.

अशी जोडणी करताना प्रत्येक कॉम्प्युटरला नाव द्यावं लागतं. सर क्लासचे मालक. त्यांनी तिघांना देवांची नावं दिली. माझ्या कॉम्प्युटरला राजवाडा.

साताऱ्यातला राजवाडा राजांचा. आमच्या गावात राजवाडा म्हणजे आमची वस्ती, पूर्वीचा महारवाडा. आम्ही बौद्ध झालो, तसं गावाने वस्तीचं नाव तेवढं गोड केलं. वस्ती राहिली गावाबाहेरच. सरही आमच्याच भागातले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी म्हटलं, “सर, नाव बदला.”

“अगं, राजवाडा म्हंजे महाल. चांगलंच हाय की. मस्करी कळत न्हाई व्हय?”

चीड यायची. गिळायचे. घरात कमावणारी मी एकटी.

मग आमच्याच वस्तीतली एक मुलगी क्लासला आली. पहिल्याच दिवशी तिने स्क्रीनवरचं नाव वाचलं. खाली मान घालून हळूच म्हणाली, “ताई, ह्यो आपला राजवाडा व्हय?”

मी ते नाव पुसलं. तिथं माझं नाव घातलं, आडनावासकट.

बाकीचे कॉम्प्युटर माझ्या कॉम्प्युटरला नावानेच शोधायचे, आणि त्यांच्यात जुनंच नाव भरलेलं. तिघांचंही नेट गेलं. सर तणतणत आले.

“तिथं नवं नाव टाका, चालू होईल,” मी म्हटलं.

त्यांनी स्क्रीन वाचली. “आडनाव कशाला? नुसतं नाव ठेव. पोरांचे आईबाप येत्यात इथं.”

“आडनावासकट टाका.”

सरांनी शेजारचा कीबोर्ड ओढला. बोटं तशीच वर राहिली. राजवाडा टाइप करताना हीच बोटं भराभर चालली होती. नेट बंद ठेवतील, पण माझं आडनाव लिहिणार नाहीत. मस्करी म्हणे.

“ऊठ. मी बदलतो.”

मी उठले नाही. ती मुलगी बघत होती. नोकरी जाणार हे दिसत होतं. जाऊ दे. माझं नाव मी लिहिलंय. ते माझ्यासमोर कुणाला पुसू देणार नाही.