परतीचं पाणी

इमारत गरम ठेवायलाही बॉयलर लागतो, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. माझं शिक्षण इगतपुरीच्या मराठी शाळेत झालं. तिथे पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत आणि डिसेंबरात पहाटे बोटं वळत नाहीत, पण अख्खं घर गरम करायचं हे कधी कुणाच्या मनात आलं नाही. थंडी वाजली की माणसाने गरम व्हायचं. चहा घ्यायचा, आईची शाल ओढायची, चुलीजवळ पाट सरकवायचा.

आमचा कारखाना नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. पंपांची आणि व्हॉल्व्हची कवचं ओतायची, तासायची आणि पाठवायची, हे आमचं नेहमीचं काम. तीन वर्षांपूर्वी हिमालयातल्या एका निवासी शाळेकडून विचारणा आली. त्यांच्या तळघरातला जुना बॉयलर संपला होता. नवा अखंड बॉयलर आत नेता येत नव्हता, कारण तळघराचं दार अरुंद होतं आणि त्यावरच दोन मजली दगडी इमारत उभी होती. म्हणून त्यांना सेक्शनचा बॉयलर हवा होता. पावाच्या स्लाइस एकामागे एक उभ्या कराव्यात तसे बिडाचे पोकळ सेक्शन असतात. एकेक सेक्शन चौघांनी उचलून आत न्यायचा, मग सगळे एकमेकांना भिडवून लांब बोल्टांनी आवळायचे. मधल्या पोकळीत जाळ आणि भोवतीच्या पोकळीत पाणी. गरम झालेलं पाणी वरच्या तोंडाने खोल्यांमध्ये जातं, तिथली थंडी घेतं आणि शेवटच्या सेक्शनच्या खालच्या तोंडाने पुन्हा आत येतं. तेच पाणी, हिवाळाभर.

हे काम साहेबांनी मला दिलं. साहेब म्हणजे कारखान्याचे मालक. मुलाखतीच्या दिवशी इंग्रजी प्रश्नांना मी अडखळत होते, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाले, बोलू नका, काढून दाखवा. मी नळाचा उभा छेद काढला होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्या कागदाबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्यामुळेच पुढचं सगळं मला जास्त जड गेलं.

नऊ सेक्शनचा बॉयलर झाला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, काम कुणाचं या चौकटीत, पहिल्यांदाच फक्त माझी आद्याक्षरं होती. विक्रीसाठीचा संच ओतण्याआधी चाचणीसाठी एक संच ओतला आणि मे महिन्यात मागच्या अंगणात उभा केला. दाबाखाली तपासला, डिझेलच्या बर्नरवर तापवला, बंद केला, पुन्हा पाणी फिरवलं. असं तीन दिवस चाललं. कुठे थेंब गळला नाही. साहेबांनी पेढे मागवले. मी दोन खाल्ले आणि दोन घरी नेले.

सप्टेंबरच्या शेवटी शाळेचा संच लाकडी खोक्यांत भरून तयार झाला. वरचा घाट बर्फाने बंद व्हायच्या आत तो पोचायला हवा होता. ट्रक बुधवारी निघणार होता. त्याआधीच्या रविवारी मी घरी गेले.

माझे वडील इगतपुरी स्टेशनच्या रनिंग रूममध्ये स्वयंपाकी होते. गाडी आणणारे ड्रायव्हर पुढच्या पाळीपर्यंत जिथे झोपतात, जेवतात, ती ही जागा. वडील आता निवृत्त आहेत, पण घरात भाकरी अजून तेच करतात, आईला तव्याजवळ येऊ देत नाहीत. त्या दिवशी नागलीची भाकरी चालली होती. मी ओट्याला टेकून त्यांना बॉयलर समजावून सांगत होते. त्यांना सगळं सांगायची मला सवय आहे. त्यांना कळतं तेवढं माझंही पक्कं होतं.

त्यांनी भाकरी उलटली आणि विचारलं, "खोल्यांतून फिरून पाणी माघारी येतं ना, ते किती गार असतं?"

मी सांगितलं की एकदा चालू झालं की कोमटच असतं.

"एकदा चालू झाल्यावर. आणि सकाळी? रातभर नळ्यांत उभं राहिलेलं?"

मी म्हटलं, ते बरंच गार असणार, बाहेर उणे तापमान असतं.

"आणि बीड तापलेलं." त्यांनी भाकरी तव्यावरून उतरवली, तवा मात्र आचेवरच ठेवला. "पोरी, मी नवीन लागलो तवाची गोष्ट तुला ठावं हाय ना?"

ठाऊक होती. घरात सगळ्यांनाच ठाऊक होती. नोकरीच्या पहिल्याच थंडीत वडिलांनी रनिंग रूमचा मोठा बिडाचा तवा पोळ्या झाल्याझाल्या नळाखाली धरला होता आणि त्याचे दोन तुकडे झाले होते. पुढे कितीतरी वर्षं ड्रायव्हर आत येताना हाक मारायचे, काय तवाफोडे, आज कशावर भाजताय? वडीलही म्हणायचे, तुमच्या डोक्यावर, बसा.

"पण गंमत सांगू का," वडील म्हणाले. "त्याच्या आदी उन्हाळाभर मी तसाच धूत होतो. लय वेळा. काय झालं नाय."

मी जेवले. आईने मला काय झालं म्हणून दोनदा विचारलं. काही झालं नव्हतं, फक्त मेमधली एक गोष्ट मला आठवली होती. चाचणीच्या दिवसांत आम्ही अंगणातल्या नळावर हात धुवायचो आणि पाणी इतकं तापलेलं असायचं की हात झटकायचो. ते पाणी पत्र्याच्या छपरावरच्या काळ्या टाकीतून यायचं. तेच पाणी आम्ही बॉयलरमध्ये परतीचं म्हणून सोडलं होतं. बाहेर जाणाऱ्या पाण्याला मी दोन थर्मामीटर लावले होते. आत येणाऱ्याला एकही नाही. नळाचंच तर पाणी, त्याचं काय मोजायचं, असंच सगळ्यांना वाटलं आणि मलाही. तापलेला बिडाचा तवा थंड पाण्याखाली धरू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. मला ते माहीत होतं, पण स्वयंपाकघरात.

नाशिकला परतताना बसमध्ये, साहेबांना सांगायचं की नाही, हे मी दर पाच मिनिटांनी ठरवत होते आणि बदलत होते. कदाचित काही होणारही नाही. बीड जाड होतं. पण कोपऱ्यात आद्याक्षरं माझी होती आणि वर दोनशे मुलं झोपणार होती. जानेवारीत शेवटचा सेक्शन तडकला तर घाट बंद, नवा सेक्शन उन्हाळ्यापर्यंत पोचणार नाही. थंडीत शाळा बंद करावी लागेल. आणि साहेबांना काय सांगायचं? पेढे वाटून झाले होते.

सोमवारी सकाळी मी आधी ओतशाळेच्या मिस्त्रींकडे गेले. आमच्याकडचे सगळ्यात जुने माणूस, बिडाच्या रंगावरून दोष ओळखणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात पुसत म्हणाले, "मॅडम, नापासाला पास करायला येणारे लय पाहिले. पासाला नापास करायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

मी विचारलं, होईल का तसं?

त्यांनी बिडाचा एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "होऊ शकतं. साहेबांना तुम्ही सांगा. मी मागे उभा राहतो, पुढे नाही."

मिस्त्रींना घेऊन मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "ही तुमची खात्री आहे की शंका?"

"शंका आहे, सर."

"शंकेवर ट्रक थांबवू?"

मी म्हटलं, मेमधला संच अजून अंगणात उभा आहे. उद्या एक दिवस द्या. फुटला तर खात्री होईल. नाही फुटला तर ट्रक वेळेवर जाईल आणि मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "उद्या संध्याकाळपर्यंत," म्हणाले. "आणि पाणी कशाने गार करणार?"

बर्फाने. नाशिकमध्ये रसवंतीवाल्यांना लाद्या पुरवणारा कारखाना आहे, तिथून मंगळवारी सकाळी टेम्पोभर लाद्या आल्या. टेम्पोवाल्याला वाटलं कारखान्यात लग्न आहे. कुणाचं म्हणून त्याने विचारलं, तर मिस्त्री म्हणाले, "मॅडमचं. बॉयलरशी." मी हसले, पण माझं लक्ष पाण्याकडे होतं. मोठ्या टाकीत लाद्या फोडून टाकल्या. या वेळी थर्मामीटर आत येणाऱ्या नळीलाही लावला. बर्नर पेटवला. आतलं पाणी ऐंशी अंशांवर पोचल्यावर पंप सुरू करून बर्फाचं पाणी मागून आत सोडलं.

काही झालं नाही.

बर्फ घातला, पुन्हा तापवलं, पुन्हा सोडलं. काही नाही. तीनदा सगळं तसंच्या तसं. साहेब येऊन बघून गेले. मला बसवत नव्हतं. मी बॉयलरभोवती फिरत होते, उगाच बोल्टांना हात लावत होते, घड्याळ बघत होते. मिस्त्री म्हणाले, चहा घ्या, तुमच्या फिरण्याने तो फुटायचा नाही. आणि तेव्हा मला उमगलं की तो फुटावा असं मला वाटतंय. मी काढलेला, तीन महिने ज्याच्यासाठी झोप मोडली तो बॉयलर माझ्या डोळ्यांसमोर फुटावा, एवढंच मला हवं होतं. न फुटता तो वर गेला असता तर माझा हिवाळा गेला नसता.

चौथ्यांदा पाणी सोडलं. पाच-सहा मिनिटं झाली असतील. बांगडी पिचावी तेवढाच आवाज झाला. मिस्त्रींनी मान वळवली. शेवटच्या सेक्शनच्या खालच्या अंगाला, परतीच्या तोंडापासून वर, केसासारखी रेघ गेली होती आणि तिच्यातून थेंब येऊन तापलेल्या बिडावर चुरचुरत होते. कुणीतरी बर्नर बंद केला. मला रडू आलं की बरं वाटलं, आजही सांगता येत नाही.

साहेब उकिडवे बसले, रेघेजवळ हात नेला आणि मागे घेतला. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "ट्रकवाल्याला मी फोन करतो. तुम्ही उपाय काढा. किती दिवस?"

मी दहा दिवस म्हटलं, लागले अकरा. उपाय अवघड नव्हता, म्हणून तर जास्त लाज वाटली. सगळ्या सेक्शनच्या खालच्या तोंडांमधून आरपार एक लांब, भोकांची नळी घातली. आता परतीचं पाणी एकाच सेक्शनवर आदळत नाही, नऊ जणांत थोडं थोडं वाटलं जातं. बाहेरच्या बाजूला एक छोटा व्हॉल्व्ह बसवला, त्यातून निघालेलं थोडं गरम पाणी परतीच्या पाण्यात मिसळतं. अंगणातल्या संचात नवा सेक्शन घालून, पुन्हा बर्फ आणून, दोन दिवसांत वीस वेळा तपासलं. काही झालं नाही, आणि या वेळी काही होऊ नये असं मला वाटत होतं. तोवर टेम्पोवाल्याने मला बर्फवाल्या मॅडम म्हणायला सुरुवात केली होती.

ड्रॉइंग बदललं की कोपऱ्यात बदलाचं कारण लिहायचं असतं. तिथे सगळेच "सुधारणा" असं लिहितात. मीही तेच लिहिलं. साहेबांनी कागद परत दिला आणि म्हणाले, काय झालं ते लिहा. मी लिहिलं: पहिल्या चाचणीत परतीच्या पाण्याचं तापमान मोजलं नव्हतं.

ट्रक गेला. घाट बंद व्हायच्या आठवडाभर आधी बॉयलर बसला. त्यानंतरचा हिवाळा मी फोनवर हवामान बघण्यात काढला म्हणायला हरकत नाही. सकाळी उठले की त्या गावाचं तापमान बघायचं. उणे आठ. उणे अकरा. आमच्याकडे निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटत होत्या आणि ऑफिसात सगळे थंडी थंडी करत होते. मी मनातल्या मनात तळघरात उभी असायचे. स्वतःहून फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला रोज फोन केला तर त्याचाच विश्वास उडेल. वडील दर रविवारी विचारायचे, फोन आला का? मी नाही म्हणायचे. "मंग चाललाय," ते म्हणायचे आणि भाकरी थापायला घ्यायचे.

फेब्रुवारीत फोन आला. बॉयलर सांभाळणाऱ्या त्या माणसाचा नंबर पाहून मी खुर्चीतून उठले. तो हिंदीतून आधी माझी तब्येत विचारत बसला. बॉयलर उत्तम, मुलं खूश, तळघरात मांजरीने पिल्लं घातली आहेत. मग त्याने विचारलं, हा बाजूचा छोटा व्हॉल्व्ह कशाला आहे? चांगलं गरम झालेलं पाणी खोल्यांत न जाता माघारीच जातं, डिझेल वाया. बंद करून टाकू का?

त्याचा हात त्या क्षणी व्हॉल्व्हच्या मुठीवर असणार, असं मला दिसत होतं. मी त्याला विचारलं, तुमच्या घरी बिडाचा तवा आहे का? तो गोंधळला. त्याला तो शब्द कळेना, म्हणून मी म्हटलं, काळा, जड, पडला तर फुटतो तो. मग त्याला समजलं. तापलेला तवा पाण्याखाली धरला तर काय होतं, मी विचारलं. तो एकदम हसला. म्हणाला, गेल्याच वर्षी माझ्या हातून झालंय, बायकोने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी म्हटलं, मग हा बॉयलर म्हणजे तसलेच नऊ तवे आहेत, तो व्हॉल्व्ह बंद केलात तर त्यांच्यावर गार पाणी पडेल.

त्याने मूठ सोडली असावी. म्हणाला, तारेने बांधूनच टाकतो, म्हणजे माझ्यानंतर येणाराही हात लावणार नाही.

फोन ठेवून मी खुर्चीत बसले. चार महिने तो व्हॉल्व्ह तिथे उघडा होता आणि कुणालाही तो बंद करता आला असता. हेही मी मोजलं नव्हतं. दुपारी मी ड्रॉइंग पुन्हा काढलं, व्हॉल्व्हची मूठ खोडली, तिथे चावीने फिरणारा चौकोनी दांडा दाखवला आणि कोपऱ्यातल्या चौकटीत कारण लिहायला घेतलं. साहेब मागून जात होते. ते थांबले, वाकून वाचलं आणि एवढंच विचारलं, "बर्फ मागवू का?"