सातव्या घरातली बाई

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही फेल्डहोवन या डच गावात राहत होतो. २००५ च्या आसपासची गोष्ट. नुसतं घरी बसणं मला जमेना, म्हणून एका लहान संग्रहालयात आठवड्यातून दोन दिवस बिनपगारी काम धरलं.

शंभरेक वर्षांपूर्वी एक डच मानववंशशास्त्रज्ञ पूर्वेकडच्या एका बेटावर राहून आला होता. त्याने काढलेले फोटो जाड कार्डांवर चिकटवून एका खोक्यात ठेवले होते. घर, बाई, होडी, टोपली, पुन्हा घर, सगळं एकात एक. मी दोन दिवसांत गट पाडले, क्रमांक घातले, यादी टाइप केली. माझ्या घरी डाळींच्या डब्यांवरसुद्धा लेबलं असतात.

मग त्या बेटावरच्या एका कुटुंबातली म्हातारी आपल्या आजीचा फोटो शोधत आली. तिने आजीला कधी पाहिलंच नव्हतं.

"कार्डांवर नावं नाहीत हो," मी म्हटलं.

"नावं कशाला? तो किनाऱ्यापासून घरोघर गेला होता. आधी घराचा फोटो, मग माणसांचा, मग सामानाचा. आमचं घर सातवं. वडील सांगायचे."

मी निस्तरलेला गोंधळ हाच त्याचा क्रम होता.

"आधीचा क्रम लिहून ठेवलायस ना?" संग्रहालयाच्या साहेबांनी विचारलं. मी मान हलवली. नाही.

मग एक दिसलं. खोक्यात कधीतरी पुढच्या बाजूने पाणी शिरलं होतं आणि कार्डांच्या कडेला तपकिरी डाग होता, काहींवर मोठा, काहींवर लहान. मी सगळी कार्डं जमिनीवर पसरली आणि गुडघ्यांवर बसून डागाच्या आकाराने लावत गेले. पहिलं घर जुळलं. दुसरं, तिसरं. म्हातारी खुर्चीतून वाकून मोजत होती. पाचव्या घरापाशी डाग संपला. पुढची कार्डं कोरी करकरीत.

त्यांत बायका आठ.

"एवढी टापटिपीची बाई माझ्याच नशिबी यायची होती!" ती हसली. मग एकेक फोटो स्वतःच्या हनुवटीजवळ धरून मला दाखवू लागली. "ही? की ही? सांग ना, तू बघतेयस."

शेवटी तिने आठही फोटोंच्या प्रती मागितल्या.

"भिंतीवर खिळा एकच आहे," ती म्हणाली.

मी प्रती पाकिटात घातल्या, सवयीने पेन उघडलं. वर काय लिहायचं, कळेना.