भातसेच्या काठची सावळी

सापगावात हल्ली बाळंतपणं घरात होत नाहीत. गाडी थेट शहापूरच्या दवाखान्यात जाते. तरी चंद्रकला सुईणीला बोलावणं येतंच. दवाखान्यात बाईचा हात धरायला आणि घरी आल्यावर आईला-बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला.

रविनाच्या मुलाच्या वेळीही तीच होती. पोर गुटगुटीत. पण बारशाच्या आधीच रविनाने त्याला पदराखाली घेणं सोडलं. शेकायला शेगडी सरकवताना चंद्रकलाने कारण विचारलं, तेव्हा रविना कुजबुजली, "काकी, ती रडते. नदीकडून. मी याला घेतला का जास्तच रडते."

ती म्हणजे रविनाची पहिली मुलगी. दोन वर्षांपूर्वी ती मेलेलीच जन्मली. रविना शुद्धीवर यायच्या आत घरच्यांनी तिला भातसा नदीच्या काठी पुरलं. आईला तोंडही दाखवलं नाही, पुढे कुणी विषयही काढला नाही. त्या पोरीला पुसून, कापडात गुंडाळून काठापर्यंत नेलं होतं चंद्रकलानेच. अजूनही कधी कधी, काम करता करता, ते गार वजन तिच्या हातांवर येऊन बसे. मग ती चुलीपाशी हात धरून राही.

म्हणून तिने 'भास झाला असेल' असं म्हटलं नाही. म्हणाली, "केस व्हते गो तिला. दाट, काळे. हनुवटी तुझी."

रविनाने तिचं मनगट घट्ट धरलं. "मला तिकडं ने, काकी."

सासू ताराबाई दारात आडवी आली. "ओली बाळंतीण नदीवर? बाहेरचं काय लागलं-बिगलं तर?"

"लागायचं ते लागलंच हाय, ताराबाय. तुमी पन चला."

भर उन्हात तिघी निघाल्या, बाळासकट. पुराने काठ खचला होता. चंद्रकलाला जागा ओळखता येईना. ताराबाईच एका करंजाखाली मटकन बसली. "हितं," ती म्हणाली, "मीच दगड ठेवला व्हता." आणि हुंदके देऊ लागली. रविनाने मातीवर तळवा टेकला आणि मनात जपलेलं नाव पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं, "सावळी." बाळ भुकेने किंचाळत होतं. तिने तिथेच त्याला पाजायला घेतलं.

मुलाच्या उष्टावणाला चंद्रकला पुन्हा गेली. हळूच विचारलं, "थांबलं का गो रडणं?"

"नाय," रविना म्हणाली. "पन हाक मारली का गप होते."

चंद्रकलाने मान डोलावली आणि बाळाच्या ओठांवरची खीर पुसली.