मेलेली तार

शेषराव काशीला वीज शिकायला गेला तेव्हा उंद्रीत वीज फक्त आभाळात होती. "इज शिकाले इतक्या दूर काऊन?" लोक हसायचे. "आमच्या वावरातल्या निंबावर फुकट पडते."

विद्यापीठात पहिल्याच तासाला प्रोफेसरांनी टेबलावरच्या तारेकडे बोट केलं. "ही जिवंत की मेलेली?"

"मेलेली," एकजण म्हणाला. "शिपायानं सांगितलं."

"मग उद्या तुझी तिरडी. तार मेली असं सख्ख्या बापानं सांगितलं तरी मानू नका. तपासा. काहीच साधन नसलं तर उलटा हात लावा. झटका बसला तरी तार मुठीत धरली जात नाही."

शेषरावनं ते पाठ केलं. शेवटच्या वर्षापर्यंत एकदाही झटका खाल्ला नाही.

परीक्षा तोंडावर आली आणि वसतिगृहावर उंद्रीची तार आली. थोरल्या भावाची, उत्तमरावांची. बाप गेल्यापासून घर त्यांच्याच शब्दावर चालायचं. 'माय गेली. निघून ये.'

ही तार शेषरावनं तपासली नाही. घाटावर जाऊन न्हाव्यापुढं बसला, डोकं दिलं, मिशी दिली. आईच्या नावानं गंगेत पिंड सोडला आणि तसाच गाडीत बसला. जलंबला गाडी बदलून खामगाव, तिथून मोटारीनं उंद्री.

दारात मांडव. तेरवीचा असेल म्हणावं, तर आंब्याच्या डहाळ्या कशाला? बाया हळकुंडं कुटत होत्या. त्यांतली एक उठून पुढं आली.

"कोन पाह्यजे, बुवा?"

गोजरबाई. त्याची आई.

"माय," तो म्हणाला.

बाईनं त्याला खालून वर न्याहाळलं. "शेषा? डोकं काऊन बोडलं बे?"

"तू मेली म्हणून."

उत्तमराव आतून लगबगीनं आले. "झालं ते झालं. डोणगावच्या रंगरावची सुलभा केली तुह्यासाठी. पुढं सिंहस्थ लागते, मंग सालभर लग्न नाही. सिध्या बोलावन्यानं आला असता काय तू?"

"परीक्षा हाये माही. उद्या."

"परीक्षा दरसाल येते."

शेषरावनं भावाकडे पाठ फिरवली. आईकडे वळला. "तुले मालूम होतं?"

गोजरबाईनं हळदीचे हात पदराला पुसले. "उत्तम म्हने, निस्ती तार करतो. तारीनं काय मानूस मरते, बापा?"

चार वर्षं तो तेवढंच तर शिकला होता. तारेनं माणूस मरतं.

दिवस कलता डोणगावची वऱ्हाडी मंडळी आली. रंगरावांनी बैलगाडीतूनच नवरदेव पाहिला.

"नवरदेवाले सुतक हाये काय?"

"पागोटं बांधतो न, मामा," उत्तमराव म्हणाले.

"डोक्शाले पागोटं बांधसान. मिशीले काय बांधता?"

मांडवात कुणीतरी खुसकन हसलं. गाड्या आल्या वाटेनं परतल्या.

परीक्षेबरोबर शिष्यवृत्तीही हुकली. शेषराव खामगावच्या वीजघरात तारा ओढायच्या कामावर लागला. पदवी नाही, म्हणून इंजिनेर नाही. पोळ्याला, आखाजीला उंद्रीला जायचा. आईनं वाढलेलं मुकाट जेवायचा, पण 'माय' म्हणून हाक त्यानं पुन्हा मारली नाही. ती ताटाजवळ बसून राहायची. "वाढू काय अजून?" तो मान हलवायचा.

मग बऱ्याच वर्षांनी पुन्हा उत्तमरावांची तार आली. शब्द जवळपास तेच.

या वेळी शेषराव हातातलं काम पुरं करून निघाला. ओसरीवर आई निजवलेली होती. रडणाऱ्या बायांमधून वाट काढत तो तिच्याजवळ बसला, आणि सगळ्यांदेखत उलटा हात तिच्या नाकाजवळ धरला. बराच वेळ. उत्तमरावांनी नजर खाली घातली.

शेवटी त्यानं हात काढला.

न्हावी वाटी घेऊन जवळ आला. "बसता न, शेषराव?"

"तुमी दादाचं करा," तो म्हणाला. "मी हिच्यासाठी एकदा देल्लं हाये."