टाकीच्या नळीतली कुंभारीण

त्या शनिवारची आठवण निघाली की मला आजही आधी राग येतो आणि मागाहून रागाची लाज वाटते. कारण राग ज्यांच्यावर, त्यांच्याच घरची भाकरी मी तीन वर्षं खाल्ली. काका हे वाचून हसतील. हसू देत.

मी आठवीत शाळा सोडली. गाव कोकणात, खाडीकाठी. वडील मासेमारीची जाळी विणायचे. कामासाठी जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात आलो आणि तिथून वडीगोद्रीजवळच्या एका ट्रॅक्टर गॅरेजात. गॅरेजवाले काका मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान बांधत होते. खरंखुरं, दोन माणसांचं. आठवीतून घरी बसलेल्याला विमानाच्या नटाला हात कोण लावू देईल? काकांनी लावू दिला. वर एक वही दिली, रोज काय तपासलं ते लिहायला. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, म्हणून पुस्तकातली यादी त्यांनी सांगितली आणि मी मराठीत उतरवली. मी भित्रा. एकदा तपासलेलं तीनदा बघायचो. काका म्हणायचे, "कोकण्या, तुझ्या भीतीनं नट ढिला होईल रे!"

त्या यादीत एक नळी होती. विमानाच्या पोटाखाली, बोटाएवढी, पेट्रोलच्या टाकीला हवा देणारी. फवारणीच्या पंपाच्या झाकणातलं बारीक भोक बुजलं की पंप ओढत नाही, हे इकडे कुणालाही ठाऊक आहे. तसंच हे. नळी बुजली की पेट्रोल उतरत नाही आणि इंजिन बंद. पंप बंद पडला तर माणूस बांधावर टेकतो. वर गेलेल्यानं कुठे टेकायचं?

शेडमध्ये मुंग्या, माश्या आणि कुंभारीण. कुंभारीण म्हणजे भोक दिसलं की मातीनं लिंपून आत अंडं घालणारी माशी. मिरचीच्या बियाण्याच्या प्लॉटवर लावतात त्या बारीक जाळीचा तुकडा काकूंनीच मला दिला. "ह्याच्यातून मधमाशी जात न्हाई, दुसरं काय जातंय?" मी तो वडिलांच्या गाठीनं नळीच्या तोंडावर बांधला. वहीत रोज लिहायचो: जाळी आहे.

परवानगीचे कागद आले. रविवारी काका पहिल्यांदा उडणार होते.

शनिवारी सकाळी वाकून बघितलं. जाळी होती. लिहिणार तेवढ्यात गाठ दिसली. ती माझी नव्हती. लोणच्याच्या बरणीवर दादरा बांधतात तशी, वर सोडायला सोपा फास, आणि एका बाजूला करंगळी जाईल एवढी फट मुद्दाम ठेवलेली. जाळी काढली. नळीचं तोंड मातीनं गच्च. माती केव्हाच वाळलेली. वहीची मागची पानं उलटली. रोज "जाळी आहे". माझंच अक्षर.

माती काढायला तार घेतली आणि तसाच स्वयंपाकघराच्या दारात गेलो. "काकू, जाळी कुणी सोडली?"

त्या भाकरी थापत होत्या. "म्या. धुळीनं भरल्ती. धुतली, दोन दिस दोरीवर वाळू घातली, मंग बांधली की बराबर."

ते दोन दिवसही मी वहीत न बघता "जाळी आहे" लिहिलं होतं. "आणि आतली माती?"

हात थांबला. "हळू बोल, लेकरा." त्यांनी सुनेच्या खोलीकडे बघितलं.

कुंभारणीनं घर केलं की त्या घरात बाळ येतं आणि ते मोडलं तर येणारं येत नाही, असं त्या मानायच्या. सुनेच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती.

"माशी उडून जाऊ दे. मंग मीच काढते."

"उद्या काका उडणार आहेत, काकू!"

"उद्या? मला तर म्हणाले, उद्या नुसती पूजा हाय."

काका मागे येऊन उभे होते. मी वळलो. "तुम्ही काकूंना सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर उडू दिलं असतं का तिनं?"

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसापुढे मी कधी मान वर केली नव्हती, त्याच्यावर ओरडलो, "एकानं माशी लपवायची, एकानं उडणं लपवायचं आणि वही मी भरायची? तुम्ही वर मेला असतात तर मी काय लिहिणार होतो? जाळी आहे?"

तव्यावरची भाकरी करपली. सून खोलीतून बाहेर आली, माझ्या हातातली तार घेतली आणि थेट शेडमध्ये गेली. काकू मागे धावल्या. "अगं, थांब!"

"आत्याबाई, दिवसातून चारदा तुम्ही ती माती बघून राह्यल्या. मला दिसत न्हाई का? माझ्यासाठी मामंजींचा जीव टांगू नका." ती खाली बसली आणि तारेनं माती उकरली. ढेकळं पडली, मागून कुंभारणीनं पिल्लाच्या खाण्यासाठी साठवलेल्या हिरव्या अळ्या, आणि एक पांढुरका किडा, तिचं पिल्लू. काकूंनी सगळं पदरात वेचलं आणि परसात गेल्या. त्या दिवशी माझं ताट सुनेनं वाढलं.

रविवारी मी वहीतली "जाळी आहे" ही ओळ खोडून लिहिलं: नळी फुंकून बघायची. जाळी काढून ठेवली, नळीला तोंड लावलं. काका आत बसलेले, पट्टा बांधून. काकू आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, काकांशीही नाही. टाकीचं झाकण स्वतः उघडलं आणि कान लावला.

मी फुंकलं. आत हवा गेल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"जल्दी करा," काका म्हणाले.

"तुम्ही गप बसा." मग माझ्याकडे न बघता, "पुन्हा फुंक. मला न्हाई ऐकू आलं."

ऐकू आलं होतं त्यांना. माझा राग होता तिथेच होता. मी पुन्हा फुंकलं.