मंडईसाठी पार्कातून सुटलो

भंडाऱ्याजवळ हायवेवरच्या झुल्याच्या पार्कात मी माइकवर होतो. तीन महिन्याची ट्रेनिंग, शेवटी सर्टिफिकेट. "झुल्यातून हात बाहेर काढू नका" हे मी मॅनेजर सायबाच्या आवाजात सांगत होतो, नाकातून, शेवटचा शब्द ताणून. सायेब वरठीले गेले असले तरी कामावरचे पोट्टे खर्रा थुकून सरळ उभे राहत.

दिवाळी आली अन् पंचाईत झाली. पार्कात गर्दी, तिकडं आमच्या गावची मंडई. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी, प्रत्येक गावाचा दिवस ठरला राहते, अन् त्या दिवशी दंडार, म्हणजे गाण्या-सोंगांचं गावचं नाटक. आमच्या दंडारीत सासू मीच. दुसरी सासू गावात नाही, असती तरी मी टिकू दिली नसती. पण न सांगता पळालो तर सर्टिफिकेट गेलं, अन् त्याच्याबिगर नागपूरची नोकरी गेली.

बाकीचे पोट्टे सुट्टीसाठी आजा मारत. सायेब कॅलेंडर दाखवत. त्याच्यावर कोणत्या गावची मंडई कधी, सारं लिहून.

"तुह्या आजाले मराले मंडईचाच दिवस सापडते काय बे?"

आमच्या शुक्रवारावर तर लाल गोल होता. मी आजा मारला नाही. माहा आजा दंडारीत ढोलकी वाजवते, मारून परवडत नाही.

"सायेब, शुक्रवारी मले सासू व्हायचं आहे. ट्रेनिंग सरायच्या दहा दिवस आधी सोडा जी, सर्टिफिकेटासकट."

"अन् माइकवर कोण बसन? तुही सून?"

"सारं रेकॉर्ड करून जातो जी."

"कोणाच्या आवाजात?"

मी कॅलेंडरावरचा लाल गोल पाहू लागलो.

"कर माही नक्कल. इथंच."

केली. नाक, ताण, मधातच चष्मा पुसणं, सारं टाकलं. सायेब खरोखरचा चष्मा पुसता पुसता थांबले.

"मी असा बोलतो?"

"याहून जास्त जी. मी कमी केलं."

सायबानं सर्टिफिकेटावर लिवलं, 'काम चांगले, परवानगीने लवकर सोडले', अन् सही ठोकली. "साऱ्या सूचना रेकॉर्ड कर. अन् माह्या आवाजात एक वरतून टाक, 'मी कॅबिनमध्येच आहे, लक्ष आहे माहं.'"

ती सूचना कायले पायजे होती, हे शुक्रवारी समजलं. नऊवारी खोचून मी दंडारीत उतरलो, तर समोरच सायेब बसले होते, बायकोसंगं, हातात शिंगाड्याचा पुडा. बायकोचं माहेर आमचंच गाव निघालं.

मी सुनेकडं वळलो, नाकातून आवाज काढला अन् शेवटचा शब्द ताणला, "सूनबाई, लक्ष आहे माहं."

सगळ्यात आधी सायबाची बायको हसली. मंग सायेब.